चौघांचं घर, सात हजारांचा किराणा आणि अंगी लागणारं अन्न

महिना मध्यावर आला, पाकीट हलकं झालं की किराण्याच्या यादीत कात्री कुठे लागणार हे बहुतेक घरांत ठरलेलंच असतं. तूरडाळ दोन किलोची दीड किलो होते, आमटी पातळ होते, पालेभाजीच्या जागी बटाटा येतो आणि अंडी पुढच्या आठवड्यावर जातात. चहाची साखर, फरसाणाची पुडी, पोरांची बिस्किटं आणि तळणीचं तेल मात्र तसंच चालू राहतं. ते पाच-दहा रुपयांनी सुटं सुटं जातं, त्यामुळे यादीत दिसतच नाही.

माझ्या मते ही कात्री नेमकी उलट्या टोकाला लागते. पोषणाच्या हिशेबाने डाळ ही घरातली सगळ्यात स्वस्त चीज आहे. ते कळत नाही, कारण दुकानात आपण किलोचा भाव विचारतो आणि त्या किलोतून पोरांच्या अंगाला काय लागणार हे विचारायचं राहून जातं. हा दुसरा हिशेब अवघड नाही. कागद, पेन आणि पाचवीचं गणित पुरतं.

पुढचे सगळे भाव कोल्हापुरातल्या साध्या किराणा दुकानाच्या अंदाजाने, हिशेबापुरते धरलेले आहेत. भाव रोज हलतात. तुमच्या दुकानातला भाव घालून बघा, रुपये बदलतील, पण क्रम फारसा बदलणार नाही.

दहा ग्रॅम प्रथिनं कितीला पडतात?

आधी गरज किती ते पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला साधारण ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि वाढीच्या वयात ही गरज वजनाच्या मानाने जास्त असते.

आता दहा ग्रॅम प्रथिनं हे माप धरू. मसूरडाळीत शंभर ग्रॅमला २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. किलोचा भाव ९० रुपये धरला, तर दहा ग्रॅम प्रथिनं चार रुपयांच्या आत मिळाली. हरभरा डाळीतून तीच सव्वाचार रुपयांना. तूरडाळ १३० रुपये किलो धरली तर सहा रुपये. शेंगदाणेही १३० धरले तर साडेपाच. सोयाबीनच्या वड्या बाकीच्यांना फार मागे टाकतात. त्यांच्यात निम्मं वजन प्रथिनांचंच असतं, त्यामुळे १२० रुपये किलोने दहा ग्रॅम अडीच रुपयांत येतात. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमला बारा रुपये. हाडासकट चिकन २४० रुपये किलो धरलं तर अठरा, म्हशीचं दूध ७० रुपये लिटरने एकोणीस, पनीर बावीस. आणि पोरं हुशार व्हावीत म्हणून रात्री भिजत घालतो ते बदाम? नऊशे रुपये किलोने पन्नास रुपये.

बिस्किटांचाही हिशेब करून टाकू. ग्लुकोज बिस्किटांतून दहा ग्रॅम प्रथिनं मिळवायची तर दीडशे ग्रॅम बिस्किटं खावी लागतात, आणि त्यांच्याबरोबर पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. दुधात घालायच्या ताकदीच्या पावडरीच्या डब्यामागे बारीक अक्षरात प्रथिनांचा आणि साखरेचा आकडा छापलेला असतो. तो वाचावा, डब्याच्या किमतीला भागावा, आणि मग भाजलेल्या शेंगदाण्याची मूठ पोराच्या हातावर ठेवावी.

अंड्याचं आणि दुधाचं प्रथिन डाळीपेक्षा सरस असतं हे खरं. शरीराला प्रथिनांचे वेगवेगळे घटक ठरावीक प्रमाणात लागतात आणि एक कमी पडला की बाकीच्यांचाही पुरता उपयोग होत नाही. जोंधळा, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यात बऱ्यापैकी. म्हणजे ही बैलजोडी आहे, एकट्याला जुंपलं तर नांगर वाकडा चालतो. धान्याच्या तीन वाट्यांना डाळीचा किंवा कडधान्याचा निदान एक वाटा, सगळं कच्च्या वजनावर, असं प्रमाण धरलं की जोडी नीट चालते. जमेल तिथे वर थोडं दूध, दही किंवा ताक.

झुणका-भाकरी ही बरोबर हीच जोडी. १९९५ साली सत्तेवर आलेल्या राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर विकायला काढली होती. त्या योजनेचं पुढे काय झालं ते झालं, पण पदार्थ निवडणाऱ्याला आहार कळत होता. खर्डा-भाकरीचं मात्र तसं नाही. शिवारात बसून खाताना खर्ड्यासारखं दुसरं काही लागत नाही, पण त्यात जोडीतला एकच बैल आहे. खर्ड्यात शेंगदाणे सढळ हाताने कुटले आणि बरोबर ताक घेतलं, तर ते जेवण होतं.

महिन्याचा कागद

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींचं एका माणसाचं दिवसाचं ताट दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. चौघांच्या घरात कोणी लहान असतं, कोणी उन्हात राबणारं असतं, तेव्हा ढोबळ मानाने चारने गुणू.

धान्य दिवसाला एक किलो, महिन्याला तीस. रेशनवर कमी उत्पन्नाच्या, म्हणजे ‘प्राधान्य’ कुटुंबाला माणशी पाच किलो मिळतं, म्हणजे वीस किलो फुकट. वरचा दहा किलो जोंधळा ४५ ने साडेचारशे रुपये. डाळी-कडधान्यं महिन्याला साधारण दहा किलो बसतात. इथे बरेच जण दचकतात, कारण आपल्याकडे चौघांत दोन-तीन किलो तूरडाळीवर महिना निघतो. दहातला किलोभर वाटा अंड्यांवर टाकू. उरलेल्या नऊ किलोत दोन किलो तूर, दोन मसूर, दोन हरभरा डाळ, दोन किलो मटकी-हुलगा (कुळीथ)-चवळी आणि एक किलो सोयाबीन वडी असं मिसळून घेतलं तर ९६० रुपये होतात. चोवीस अंडी १६८ रुपयांची. शेंगदाणे शिफारशीपेक्षा थोडे कमी, तीन किलो, ३९० रुपये. तेल साडेतीन लिटर, १५० ने सव्वापाचशे. भाज्या महिन्याला ४८ किलो, सरासरी ४० रुपयांनी १९२० रुपये. केळी-पेरू अशी फळं बारा किलो, ६०० रुपये. दूध शिफारशीप्रमाणे घेतलं तर महिन्याला ३६ लिटर होतं आणि अडीच हजार रुपये एकट्या दुधालाच जातात. ते निम्मं करू, १८ लिटर, १२६० रुपये.

बेरीज येते ६२७३. चहा, साखर, मीठ, मसाला धरून सात हजारांच्या आत. रेशन नसेल तर वर आठशे-हजार.

रक्कम लहान नाही. चौघांत एकच कमावता असेल तर फारच मोठी. पण हा कागद समोर ठेवला की एक गोष्ट लख्ख दिसते. जवळजवळ निम्मा पैसा भाजी आणि दूध या दोनच खात्यांत जातो, डाळीचं खातं सहावा हिस्सासुद्धा नाही. नऊ किलोंची डाळ पाच किलोंवर आणली तर सव्वाचारशे रुपये वाचतात आणि सगळ्या घराच्या प्रथिनांवर पाणी पडतं. भाजीची सरासरी ४० वरून ३० रुपयांवर आणली, तर पावणेपाचशे वाचतात आणि ताटातून काहीच जात नाही. म्हणजे डोकं भाजीत घालायचं.

भाजी कधी आणि कुठली

लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार किंवा कपिलतीर्थ मंडईची दुपार टळल्यानंतरची वेळ, इथे पैसे वाचतात. आसपासच्या गावांतून बायका पाटीत पालेभाजी घेऊन आलेल्या असतात. सकाळी पंधरा-वीस रुपये सांगितलेली मेथीची पेंडी अंधार पडायला लागला की उतरते. "सकाळधरनं बसलोय बघा वैनी, दहाला दोन न्या, माघारी कुठं वझं नेऊ?" असं ती मावशी स्वतःच म्हणते. अशा वेळी घासाघीस करण्यात अर्थ नसतो, भाव आधीच तळाला आलेला असतो. पेंडी मात्र सोडून बघावी. बाहेरची चार पानं मऊ पडलेली चालतात, पण आत बोट घातल्यावर गरम लागली तर ती भाजी उद्याची वाट बघणार नाही. घरी आणल्या आणल्या दोरी सोडायची, माती झटकायची, धुवायची नाही, आणि सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवायची. चिरायच्या आधी धुवायची. चिरून धुतली तर जीवनसत्त्वांचा बराच भाग मोरीत जातो.

कुठली घ्यायची? जी हंगामात ढिगाने येते ती. थंडीत मेथी, चाकवत, हरभऱ्याची भाजी, करडई. पोकळा आणि तांदुळजा जवळजवळ बारमाही. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या बाजूने टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या उतरतात. दारात शेवगा असेल तर त्याच्या शेंगांइतकाच पाला मोलाचा आहे आणि तो फुकट आहे. पोकळा, तांदुळजा, राजगिरा ही माठाची भावकी. हिरव्या माठात शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम असतं, बटाट्यात दहाच्या आसपास. पालेभाजीतलं सगळं शरीराला मिळत नाही हे धरूनही फरक प्रचंड उरतो. म्हणून भाजीच्या चारशे ग्रॅमांत मी बटाटा धरत नाही, तो भाताच्या बाजूला बसवतो.

पोकळ्याचे कोवळे देठ टाकून द्यायचे नसतात. बोटभर तुकडे करून मसूरच्या आमटीत सोडले की एका पेंडीत दोन वेळा निघतात. फ्लॉवरचे कोवळे दांडे, मुळ्याचा पाला, बिटाचा पाला यांचंही तेच. मुळ्याच्या पाल्यात बेसन पेरून भाजी करणारी घरं मुळ्यापेक्षा पाल्याची वाट बघतात.

दुधाचं काय करायचं

कोल्हापुरात दूध कमी करा म्हणणं म्हणजे तालमीत जाऊन जोर मारू नका म्हणण्यासारखं आहे. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देतात, या शहराचा तो अभिमान आहे. (कच्चं दूध लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मात्र उकळूनच द्यावं, अभिमान बाजूला ठेवून.) पण पैसे कमी असतील तर दूध आधी मुलांना आणि गरोदर बाईला, मोठ्यांना ताक. चहात जाणारं दूध वेगळं मोजून बघा. दिवसातून चार वेळा चौघांचा चहा होत असेल तर अर्धा लिटर दूध आणि वर कितीतरी साखर कुठे गेली ते कळेल.

दुधातून येणारं कॅल्शियम नाचण्यातूनही येतं. शंभर ग्रॅम नाचण्यात ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं. दोन मध्यम भाकरींना ऐंशी-नव्वद ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे पाव लिटर दुधाच्या आसपास कॅल्शियम झालं, जरी नाचण्यातलं दुधाइतकं सहज शोषलं जात नसलं तरी. नुसत्या नाचण्याची भाकरी पोरांना आवडत नसेल तर जोंधळ्याच्या पिठात तिसरा हिस्सा मिसळून दळून आणा. उन्हाळ्यात आंबील. दुधातलं बी-१२ मात्र नाचण्यात नाही, कुठल्याच धान्यात किंवा भाजीत नाही. अंडी-मांस न खाणाऱ्या घराने दूध-दही पूर्ण बंद करू नये ते यासाठी.

लोह, लिंबू आणि चहा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका आणि पाच वर्षांखालच्या ६९ टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. हा काही कोपऱ्यातल्या वस्तीचा प्रश्न नव्हे, निम्म्याहून जास्त घरांचा आहे.

प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे, पुरुषाला १९. आपल्याकडे यावर पहिलं उत्तर येतं ते गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो चवीला उत्तम आहे, पण दहा ग्रॅमच्या खड्यात लोह सुमारे अर्धा मिलिग्रॅम. बाकी साखर. गूळ खावा तो गुळासाठी, रक्तासाठी नको.

रक्तासाठी हुलगा आहे. शंभर ग्रॅमला पावणेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास लोह, २२ ग्रॅम प्रथिनं, वर कॅल्शियमही बरं. आणि हुलग्याचं माडगं हा गॅस वाचवणारा पदार्थ आहे, कारण शिजवण्याचं निम्मं काम भाजणीतच झालेलं असतं. किलोभर हुलगे निवडून लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. आधी नुसता कच्चट वास येतो, मग दाणा तडतडतो, मग खमंग वास सुटतो, तिथे उतरवायचे. काळे झाले तर माडगं कडू होतं. गार करून गिरणीतून दळून आणलं की डबा महिनाभर टिकतो. करताना माणशी तीन-चार चमचे पीठ, साधारण चाळीस ग्रॅम, गार पाण्यात गुठळी मोडून कालवायचं, उकळत्या पाण्यात हळूहळू सोडत ढवळायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालून दहा मिनिटं उकळी द्यायची. वाटीत आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीन मिलिग्रॅम लोह येतं. वरून लिंबू पिळायचं.

लिंबू चवीसाठी नाही फक्त. धान्य, डाळ, पालेभाजीतलं लोह शरीर फार कमी शोषून घेतं. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर शोषण चांगलंच वाढतं. उन्हाळ्यात लिंबू महागलं तर कैरी, थंडीत आवळा, एरवी टोमॅटो, कोबीची कोशिंबीर, पेरूची फोड. उलट जेवणाबरोबर किंवा जेवण संपताच घेतलेला चहा लोहाला अडवतो. चहा सोडायला कोणी सांगत नाही, जेवणापासून तासभर लांब ठेवा. रक्त वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय कुठे मिळणार नाही, कारण याला पैसेच लागत नाहीत.

मोड आणण्याचाही यात वाटा आहे. मोड येताना कडधान्यातलं लोह अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं आणि क जीवनसत्त्व तयार होतं. मटकी रात्री भिजवली, सकाळी फडक्यात बांधली की उन्हाळ्यात संध्याकाळीच मोड दिसतात. एप्रिल-मेमध्ये जास्त वेळ ठेवली तर आंबते, एवढं सांभाळायचं.

रविवारचं मटण

मटणाला वरच्या सात हजारांत जागा नाही. महिन्यातून दोनदा अर्धा किलो आणायचं तर साडेसातशे-आठशे रुपये वेगळे काढावे लागतात. सणासुदीला, पाहुणे आले की काढावेतही. तांबडा-पांढरा सोडून नुसती पोषणाची भाषा बोलणाऱ्याचं कोल्हापुरात कोण ऐकणार?

एक मात्र लक्षात ठेवायचं. "पोराला अळणी (मटण शिजवलेलं पाणी) पाजा, ताकद येईल" असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो, पण प्रथिनं आणि लोह मुख्यतः फोडीत असतात, पाण्यात थोडंच उतरतं. रस्सा सगळ्यांना आणि फोडी बाप्यांना, अशी वाटणी झाली तर ज्या बाईला लोहाची सगळ्यात जास्त गरज आहे तिच्या वाट्याला चव तेवढी येते. मांसातलं लोह भाजीतल्यापेक्षा चांगलं शोषलं जातं आणि त्याच जेवणातल्या डाळ-भाजीतल्या लोहालाही हात देतं, तेव्हा प्रत्येकाच्या ताटात दोन लहान फोडी पडणं हे एकाच्या ताटात सहा पडण्यापेक्षा घराला जास्त लाभतं. डाळीचंही तसंच. घट्ट आमटी आधी चार वाट्यांत काढून ठेवली की शेवटी बसणाऱ्या बाईला पातेल्याच्या तळाचं पाणी मिळत नाही.

तेल आणि चटणी

साडेतीन लिटरच्या वर जाणारं प्रत्येक लिटर म्हणजे दीड किलोच्या वर मसूर. घरात महिन्याला किती तेल येतं ते एकदा पिशव्या मोजून बघा. कट आणि तर्रीचं प्रेम मी समजू शकतो, मिसळ खावी तर तशीच. पण रोजच्या उसळीला तिखटपणा येतो तो चटणीतून. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसणाची चटणी कांडून ठेवलेली असेल तर चमचाभर तेलाच्या फोडणीतही मसूर झणझणीत होतो. कमी पैशांच्या स्वयंपाकघरात ही चटणी फार मोठा आधार आहे, कारण ती नसेल तर हुलगा, सोयाबीन वडी, चवळी यांना घरात कोणी तोंड लावणार नाही. तिच्यात मीठ असतं, तेव्हा वरून घालताना हात आवरायचा. मोठ्या माणसाला दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, चमचाभर.

सोयाबीन वडीविषयी तक्रार असते ती वासाची. गरम पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं ठेवायची, पिळायची, पुन्हा साध्या पाण्यातून काढून पिळायची. मग बारीक करून खिम्यासारखी परतली तर पोरं विचारतसुद्धा नाहीत.

गॅसचा खर्चही किराण्यातच धरायला हवा. हुलगा, हरभरा, काळा घेवडा रात्रभर भिजवल्याशिवाय कुकरला लावायचा नाही. घाई असेल त्या दिवशी मसूर किंवा मूग. सकाळी बाहेर कामाला जाणाऱ्या बाईला तीन प्रकार रांधायला सांगणारे आहारतक्ते मला कधीच पटले नाहीत. एक कोरड्यास (भाकरीशी खायची भाजी किंवा आमटी), भाकरी, कच्चा कांदा किंवा काकडी आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात पोषण बसतं.

रेशनचा तांदूळ

गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात थोडे वेगळे, किंचित पिवळट दाणे यायला लागले आणि "प्लास्टिकचा तांदूळ" अशी आवई उठली. अनेक घरांत ते वेचून टाकले गेले. ते दाणे तांदळाच्याच पिठापासून केलेले असतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेलं असतं, आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात ते मिसळतात. वेचून टाकले तर फुकट मिळालेलं औषध टाकल्यासारखं होतं. तांदूळ एक-दोनदाच धुवावा आणि पेज न काढता आटवून शिजवावा. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून खावा.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. शहरात वर्षाचं उत्पन्न ५९ हजार आणि गावात ४४ हजारांच्या आत ही प्राधान्याची मर्यादा ठरवलेली आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत बाहेरून कामाला आलेल्यांना, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांना आपलं धान्य इथल्या रेशन दुकानातही उचलता येतं, कार्ड आधारला जोडलेलं असलं की झालं.

सात हजारही नसतील तर

मग कापावंच लागतं, पण क्रम ठरवून. आधी पुड्यांचं जातं: फरसाण, बिस्किटं, पावडरीचा डबा. दिवसाला वीस रुपये धरले तरी महिन्याला सहाशे होतात. मग तेल साडेतीन लिटरवर. मग चहाच्या फेऱ्या आणि त्यांची साखर. त्यानंतर मोठ्यांचं दूध, मुलांचं ठेवून. मग फळांत सफरचंद-द्राक्षं सोडून नुसती केळी आणि हंगामात पेरू. तूर महागली तर तिच्या जागी मसूर आणि हरभरा डाळ, एकूण किलो तेवढेच ठेवून. पालेभाजी आणि अंडी शेवटपर्यंत धरून ठेवायची.

त्याच वेळी जे हक्काचं आहे ते उचलायचं. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळासाठी, गरोदर आणि पाजणाऱ्या आईसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा पूरक आहार असतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम जेवण मिळतं, आणि सरकारी व अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण. बाळाचं पाकीट घरात आलं की ते सगळ्यांच्या पिठात मिसळलं जातं असं फार वेळा दिसतं. ते वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर बाळाचं नाव घाला, आणि शिजवताना वर चमचाभर तेल किंवा तूप सोडा. बाळाचं पोट लहान असतं, मावेल तेवढ्या चार घासांत जास्तीत जास्त जायला हवं.